म्युच्युअल फंड निवडताना खर्चाचं किती मनावर घ्यायचं?

गोदाकाठ | १४ जून २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पहिल्या नोकरीत आता स्थिरावले आहे. दरमहा ५००० ची एसआयपी, म्हणजे ठराविक मासिक गुंतवणूक, सुरू करायची आहे आणि पुढची १५-२० वर्षं त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. बाबांचे एक मित्र म्युच्युअल फंडांचं काम करतात. त्यांनी एका फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडाचा फॉर्म आणून दिलाय. ऑफिसातला एकजण म्हणतो, तोच फंड डायरेक्ट घे, काकांना मध्ये कशाला आणतेस.

फंड कंपनीच्या साइटवर पाहिलं तर एकाच फंडाचे दोन खर्च दिसले. रेग्युलरला, म्हणजे काकांमार्फत घेतलेल्याला, १.७८ टक्के, थेट कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्टला ०.७२. आणि निफ्टी निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडाला जेमतेम ०.२. आता माझा गोंधळ असा, की एवढ्याशा टक्क्याने खरंच फरक पडतो का? जास्त खर्चाचा फंड जास्त चांगला चालवत असतील, म्हणून महाग असेल ना? आणि डायरेक्टचा एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, रेग्युलरपेक्षा जास्त दिसतोय, म्हणजे मला युनिट कमी मिळणार. मग तोच महाग नाही का पडला?

प्रश्न बाळबोध वाटले तर हसा, पण उत्तरं द्या.

वसईवाला | ९.२२

हसलो नाही. मलाही तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय, पण विचारायची लाज वाटत होती. बसलोय चटई टाकून.

हिशेबनीस | ९.४८

आकडेच बघू. ५००० दरमहा, २० वर्षं. खिशातून जाणार १२ लाख. खर्च वजा जाता फंडाने १२ टक्के दिले तर हातात साधारण ५० लाख येतात. ११ टक्के दिले तर ४३ लाख ७० हजारांच्या आसपास. एका टक्क्यात सव्वासहा लाख गेले, म्हणजे तुम्ही भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त.

हे पैसे कोणी पावती फाडून मागत नाही, म्हणून लक्षात येत नाही. वर्षाच्या खर्चाचा रोजचा हिस्सा फंडाच्या मालमत्तेतून कापला जातो आणि उरलेल्यावर रात्री एनएव्ही जाहीर होतो. फंड तोट्यात असला तरी कापला जातो.

उंटावरचा_शहाणा | १०.०५

आला एक्सेलवाला. १२ टक्के मिळतील हे कोणी लिहून दिलंय? आणि २० वर्षांनंतरचे सव्वासहा लाख म्हणजे आजचे किती? महागाई ६ टक्के धरा, आजचे दोन लाखही होत नाहीत.

पहिल्या वर्षाचा हिशेब करा ना. वर्षाअखेर ६० हजार भरून होतात, सरासरी साडेबत्तीस हजार गुंतलेले असतात. त्याचा एक टक्का सव्वातीनशे रुपये. एवढ्यासाठी ही मुलगी तीन महिने साइटी चाळत बसेल आणि एसआयपी राहील बाजूला. काकांचा फॉर्म भरा आणि मोकळ्या व्हा.

हिशेबनीस | १०.१९

महागाई फक्त फरकाला लागत नाही हो, ती ५० लाखांनाही लागते. ५० मधले सव्वासहा म्हणजे आठवा हिस्सा. आजच्या पैशात मोजा नाहीतर २० वर्षांनंतरच्या, आठवा हिस्सा तो आठवाच.

साइटी चाळत बसू नये, याला मात्र अनुमोदन.

चकलीची_भाजणी | १०.३१

आमच्या आत्याची भिशी. खर्चाचं प्रमाण शून्य, वर दर महिन्याला पोहे आणि चहा.

वसईवाला | १०.३३

आणि आत्या गावाला निघून गेल्या तर एक्झिट लोड (पैसे काढताना कापलं जाणारं शुल्क) १०० टक्के.

तात्या_सातारकर | १५ जून, सकाळी ६.४०

सकाळी उठून सगळं वाचलं. तुम्हा मुलांचं बरं आहे, खर्च दशांश चिन्हानंतर दोन आकडे लावून साइटवर दिसतो. १९९४ साली मॉर्गन स्टॅनलीचा फंड आला तेव्हा लोकांनी फॉर्मसाठी रांगा लावल्या होत्या. खर्च किती, हे त्या रांगेत कोणी विचारत नव्हतं. पहिल्या येणाऱ्याला पहिले युनिट, अशी हवा होती.

पुढे बरीच वर्षं एन्ट्री लोड, म्हणजे पैसे भरतानाच कापलं जाणारं शुल्क, होता. इक्विटी फंडाला सव्वादोन टक्क्यांपर्यंत. १०,००० चा चेक दिला की युनिट साधारण ९,७८० चे. मिळवायच्या आधीच २२० गेले. बाजाराची नियामक संस्था सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून तो बंद केला, तेव्हा आता वितरकांनी काय खायचं म्हणून केवढा गदारोळ झाला होता. मग १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आले. २०१८ मध्ये आगाऊ कमिशन देणंही बंद झालं, आता वितरकाला जे मिळतं ते तुमचे पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी थोडं थोडं मिळतं.

गोदाकाठताई, एनएव्हीचं कोडं इथेच सुटतं. एकच पोर्टफोलिओ, एकच मॅनेजर. २०१३ मध्ये डायरेक्ट सुरू झाले तेव्हा जुन्या फंडांचे दोन्ही एनएव्ही सारखेच होते. त्यानंतर रेग्युलरमधून रोज जरा जास्त कापलं गेलं, डायरेक्टमधून कमी. आज दिसणारी तफावत म्हणजे रेग्युलरवाल्यांनी इतकी वर्षं भरलेला कमिशनचा खर्च आहे. युनिट कमी मिळाले म्हणून काही बिघडत नाही. १०० रुपयांचे ५० युनिट काय आणि १२५ रुपयांचे ४० युनिट काय, आज दोन्ही ५००० च. उद्यापासून कोण हळू वाढेल, एवढंच बघायचं.

वसईवाला | ७.१५

तात्या, दंडवत. मग ते १० रुपयांत मिळणारे नवे फंड, एनएफओ, तेही स्वस्त नाहीत तर!

चकलीची_भाजणी | ७.५०

१० रुपयांवरून आठवलं. माझे सासरे निवृत्त झाले आणि पीएफचे पैसे खात्यात आले. दुसऱ्या आठवड्यात बँकेतून गोड बोलणारा एक मुलगा घरी हजर. बँकेचं नाव घेत नाही. "काका, नवीन फंड आहे, फक्त १० रुपये एनएव्ही, तुमचा जुना ९० वर गेलाय, आता आणखी किती वाढणार?" सासऱ्यांना पटलं. जुना फंड विकायला सही करणार, तेवढ्यात मी विचारलं की जुन्याचा खर्च किती आणि नव्याचा किती. तो म्हणाला, मॅडम, खर्च फंड कंपनी करते, तुम्हाला काही पडत नाही.

हे वाक्य त्याने अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं. त्याला बहुतेक खरंच तसं वाटत असावं.

शून्यबाकी | ९.०२

"तुम्हाला काही पडत नाही" यावर सोपा उतारा आहे. तुमचं कॅस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्रित पत्रक ईमेलवर येतं ना? दर महिन्याचं सोडा, मार्च आणि सप्टेंबर अखेरचं सहामाही पत्रक उघडा. पॅन हा पासवर्ड. त्यात प्रत्येक रेग्युलर योजनेसमोर वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं. टक्के वाचून कोणाला काही होत नाही, रुपये वाचून होतं. आमच्या दादाने ते पान पाहिलं आणि दोन मिनिटं नुसता गप्प.

एआरएन_अकोला | ११.३०

मी वितरक आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको.

सव्वातीनशे रुपयांचा हिशेब वर झालाच आहे. त्यात आम्ही काय करतो ते सांगतो. केवायसी अडकलेलं सोडवणं, आधार-पॅनवरच्या नावाचं स्पेलिंग जुळवणं, नॉमिनी टाकून घेणं. गेल्या वर्षी एक ताई आल्या. मिस्टर अचानक गेले. फोनमध्ये तीन अ‍ॅप, पैकी दोनांचा पिन कोणाला माहीत नाही. कुठल्या फंडात काय आहे याचा घरात कोणाला पत्ता नाही, एका फोलिओत नॉमिनी नाही. सगळे फंड डायरेक्ट, खर्च एकदम कमी. त्यांचे युनिट नावावर होईपर्यंत मी किती खेपा घातल्या ते जाऊ द्या. त्यातल्या एका रुपयावर मला कमिशन नव्हतं.

आणि मार्च २०२०. निफ्टी १२,००० च्या वरून दोन महिन्यांत ७,६०० वर आला. माझा फोन बंद होत नव्हता. सगळे एकच विचारत होते, काढू का? बहुतेकांना थांबवलं. त्या एका महिन्यात ज्यांनी भीतीने विकलं आणि नंतर वर गेल्यावर परत घेतलं, त्यांचा तोटा काढा आणि मग एक टक्का मोजा.

शून्यबाकी | ११.५५

तुमच्या पहिल्या परिच्छेदाला सलाम, मनापासून. मार्च २०२० चंही पटतं.

पण पहिल्या वर्षी सव्वातीनशे, तर विसाव्या वर्षी? तोवर ४० लाख जमलेत, त्याचा एक टक्का ४० हजार. दरवर्षी. केवायसी झालेलं, नॉमिनी पडलेला, स्पेलिंग जुळलेलं. काम कमी झालं आणि मोबदला शंभरपटीहून जास्त. माझा आक्षेप वितरकाला पैसे मिळण्याला नाही, टक्क्यात मिळण्याला आहे.

एआरएन_अकोला | १२.१०

रास्त आहे. पण मग पहिली पाच-सात वर्षं माझा पेट्रोलचा खर्चही निघत नाही, तेव्हा कोणी म्हणत नाही की दादा, ठराविक फी घ्या.

गोदाकाठ | दुपारी १.०५

बापरे, एवढे प्रतिसाद! तात्या, एनएव्ही एकदम समजलं. ठराविक फी घेणारे सल्लागार असतात ना? सेबीकडे नोंदणी केलेले. ते बरे पडतील का? आणि "महाग म्हणजे चांगला" याचं उत्तर राहिलंच.

हिशेबनीस | १.४०

सल्लागार चांगला पर्याय आहे, पण तुमच्यासाठी आत्ता नाही. तुम्ही वर्षाला ६० हजार गुंतवणार. कोणी १२ हजार फी सांगितली तर ते झाले २० टक्के. रक्कम मोठी झाली, घर, लग्न, आईबाबांचा विमा असे प्रश्न एकत्र आले की जा.

आता "महाग म्हणजे चांगला". फंडाने जास्तीत जास्त किती खर्च लावायचा याचे टप्पे सेबीने ठरवलेत आणि ते फंडाच्या आकारावर आहेत, हुशारीवर नाहीत. २०२५ मध्ये सक्रिय, म्हणजे मॅनेजर शेअर निवडतो अशा, इक्विटी फंडाच्या पहिल्या ५०० कोटींवर २.२५ टक्के, पुढच्या २५० कोटींवर २ टक्के, असं उतरत उतरत ५०,००० कोटींच्या वरच्या रकमेवर १.०५. म्हणून ३०० कोटींचा नवा फंड कमाल खर्च लावतो आणि ७०,००० कोटींचा जुना फंड बराच कमी. नव्याचा मॅनेजर जास्त शहाणा आहे म्हणून नव्हे, त्याला परवानगी आहे म्हणून. इंडेक्स फंड आणि ईटीएफला (बाजारात शेअरसारखे विकत मिणाऱ्या फंडांना) २०२५ मध्ये कमाल मर्यादा १ टक्का. व्यवस्थापन शुल्कावरचा जीएसटी या मर्यादांच्या वर.

अजून एक. २०२५ मध्ये तरी शेअर घेण्या-विकण्याची दलाली त्या छापील खर्चात बहुतांशी येत नाही, ती परस्पर व्यवहाराच्या किमतीत मिसळते. त्यामुळे जो मॅनेजर वर्षात अख्खा पोर्टफोलिओ उलटापालटा करतो त्याचा खरा खर्च छापलेल्यापेक्षा जास्त. फॅक्टशीटमध्ये उलाढालीचं प्रमाण दिलेलं असतं, तिथे एक नजर टाका.

न्यूजर्सीकर | सायं. ६.२०

इथे आमच्याकडे अख्ख्या अमेरिकन बाजाराचा इंडेक्स फंड ०.०३ टक्क्यांत मिळतो. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड आणला तेव्हा लोकांनी टिंगल केली होती. भारतात ०.७२ ला स्वस्त म्हणतात हे वाचून गंमत वाटली.

वसईवाला | ६.३१

दादा, तुमच्याकडे वडापाव किती डॉलरला आहे? तेवढं सांगा, मग तुलना करू.

न्यूजर्सीकर | ६.४५

तो विषय नको. एक्झिट लोडसकट पाच डॉलर.

उंटावरचा_शहाणा | रात्री ८.१५

सगळे खर्च खर्च करताय, म्हणून परत येतो. एकाच प्रकारातल्या दोन फ्लेक्सी कॅप फंडांच्या दहा वर्षांच्या परताव्यात दोन-तीन टक्क्यांचं अंतर सहज असतं. तिथे ०.७२ की ०.९५ याने काय होणार? चांगला मॅनेजर ०.२ टक्के जास्त घेत असेल तर घेऊ द्या.

हिशेबनीस | ८.४०

अंतर असतं, खरंच. पण कोणता वर जाणार ते दहा वर्षांनी कळतं आणि खर्च आज कळतो. माझं म्हणणं इतकंच, की ज्याच्याबद्दल आज खात्री आहे तिथे जागरूक राहा.

आणि तुलना सारख्याशी सारख्याची. इंडेक्स फंडाशी इंडेक्स फंड, फ्लेक्सीशी फ्लेक्सी. इंडेक्समध्ये तर सगळ्यांचे शेअर तेच, मग खर्चाशिवाय बघायला उरतंच काय? तिथेही ०.१८ की ०.२० यावर झोप घालवू नका, फंड निर्देशांकाच्या किती मागे राहिला ते बघा. लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी. लिक्विड आणि डेट (कर्जरोख्यांच्या) फंडात तर खर्चच सगळं ठरवतो. सात टक्क्यांतून एक गेला तर उरलं काय?

उंटावरचा_शहाणा | ८.५२

मला पटलेलं नाही. पण लिक्विडचं कबूल.

मीठभाकर | ९.१०

मध्येच विचारतो. माझ्याकडे २०१७ पासून रेग्युलर फंड आहेत. हे वाचून रात्रीत सगळे डायरेक्टला वळवावे असं वाटायला लागलंय. एका बटणात होतं ना?

शून्यबाकी | ९.२६

थांबा! बटण एकच आहे, पण कायद्याच्या नजरेत ती विक्री आणि नवीन खरेदी आहे. इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवला असेल तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. वर्षाच्या आतल्या हप्त्यांच्या नफ्यावर २० टक्के, शिवाय बऱ्याच फंडांना वर्षाच्या आत १ टक्का एक्झिट लोड. एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळा मोजतात हे विसरू नका, गेल्या महिन्यातल्या हप्त्याचं वर्ष गेल्या महिन्यापासून सुरू. ईएलएसएस (कर वाचवणारा फंड) असेल तर तीन वर्षांचं कुलूप.

आधी रेग्युलरमधली चालू एसआयपी थांबवा आणि डायरेक्टमध्ये नवी सुरू करा. जुनं मग दरवर्षी सव्वा लाखाच्या नफ्यात बसेल तेवढं तुकड्या-तुकड्याने.

मीठभाकर | ९.३०

वाचवलंत. बोट बटणावरच होतं.

चकलीची_भाजणी | ९.४४

डायरेक्ट घेणाऱ्यांनी "फुकट" अ‍ॅपकडेही जरा डोळे उघडे ठेवून बघा. काही ठिकाणी युनिट डीमॅटमध्ये जातात, मग डीमॅटची वार्षिक फी लागू शकते. ५००० च्या एसआयपीला ती बोचते. आणि म्युच्युअल फंड बघायला उघडलं की वर फ्युचर्स-ऑप्शन्सची पाटी झळकते, खाली तत्काळ कर्जाची. अ‍ॅपवाल्यांचं पोट त्याच्यावर चालतं. फंड कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं तर ही कटकट नाही, फक्त दिसायला जुनाट.

गोदाकाठ | १७ जून, रात्री ९.३५

काल काकांशी बोलले. फार अवघडल्यासारखं होत होतं, बाबा शेजारीच बसलेले. मी सरळ म्हटलं, काका, मला डायरेक्ट घ्यायचंय. ते हसले आणि म्हणाले, "अगं घे की! तुझ्या पाच हजारांवर माझा बंगला होणार नव्हता. फक्त बाजार पडला की रात्री अकराला मला फोन करायचा नाही." मग स्वतःच लॅपटॉप ओढून नॉमिनीचं पान भरून दिलं.

तर ३००० निफ्टी इंडेक्स फंड, डायरेक्ट. २००० तोच फ्लेक्सी कॅप, पण काकांमार्फत रेग्युलर. हिशेबनीस रागावतील, पण एक टक्का कशाचा जातोय हे मला आता माहीत आहे. मार्चचं पत्रक आलं की रुपये बघेन आणि मग ठरवेन.

हिशेबनीस | ९.५०

रागावत नाही. फोन मात्र खरंच करा अकराला, पैसे भरलेत.

एआरएन_अकोला | ९.५८

काकांना माझा नमस्कार सांगा. एसआयपीची तारीख कोणती टाकलीत?

गोदाकाठ | १०.०२

१ तारीख. फॉर्ममध्ये तीच आधीपासून भरलेली होती.

एआरएन_अकोला | १०.१०

बदला. पगार दोन दिवस उशिरा आला, खात्यात पैसे नसले आणि मॅंडेट (हप्ता कापायला बँकेला दिलेली परवानगी) परत गेलं, तर फंड कंपनी काही करत नाही, पण बँक दंड लावते. बऱ्याच बँकांचा तो काही शे रुपये असतो, वर जीएसटी. तुम्ही सगळ्यांनी तीन दिवस ज्या सव्वातीनशेवर वाद घातला, तेवढे एका दिवसात जाऊ शकतात. इंडेक्स फंड असो नाहीतर फ्लेक्सी, डायरेक्ट असो नाहीतर रेग्युलर.

गोदाकाठ | १०.२२

पगार ५ ला होतो. दोन्ही एसआयपी १० तारखेला केल्या.